पोरगं हरलं की मोहरी फेकतं, बुद्धिबळाचा क्लास बंद करू का?

सोलापूरहून एका आईचं पत्र आलंय, बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. दोन वर्षं बुद्धिबळाच्या क्लासला जातोय. क्लास लावला तो गणित सुधारेल, एका जागी बसेल, चिडचिड कमी होईल म्हणून, शिवाय सासरे म्हणाले की बुद्धिबळाने बुद्धी वाढते, आनंद बघा, गुकेश बघा, आपल्या नागपूरची दिव्या बघा. आता दोन वर्षांनी गणितात मार्क होते तेवढेच आहेत आणि चिडचिड उलट वाढलीये. घरी हरला की मोहरी फेकतो, जेवत नाही. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत डाव हरला आणि घरी येऊन सांगितलं बरोबरी झाली, मग आईने मोबाईलवर रिझल्ट बघितला तेव्हा कळलं. "ताई, ह्या खेळाने स्वभाव घडतो म्हणतात, माझ्याकडे तर बिघडत चाललाय. बंद करू का? आणि मला अगं-तुगंच करा, मी तुमच्या मुलीएवढी आहे." सोबत मुलाच्या डावाच्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवलाय, तुम्हाला त्यातलं कळतं म्हणून बघा असं लिहून.

अगं, तो फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. पत्रापेक्षा जास्त मला त्या पानाने सांगितलं, त्याच्याकडे येतेच. आधी ते बुद्धी वाढण्याचं बोलून घेऊ कारण सगळा घोळ तिथून सुरू झालाय.

इंग्लंडमध्ये साधारण दहा वर्षांपूर्वी ह्याचा मोठा प्रयोग झाला होता. १०० प्राथमिक शाळा घेतल्या, मुलं तुझ्या मुलाच्याच वयाची, नऊ-दहा वर्षांची. काही शाळांमध्ये वर्षभरात ३० तास बुद्धिबळ शिकवलं, काहींमध्ये नाही, आणि नंतर एक वर्ष थांबून गणिताची परीक्षा घेतली. निकाल २०१६ मध्ये आला आणि दोन्हीकडच्या मुलांच्या गणितात फरक काहीच नव्हता. त्याच्या कितीतरी आधी, १९७३ मध्ये, अमेरिकेत चेस आणि सायमन ह्या दोघांनी (हो, पहिल्याचं आडनाव खरंच चेस होतं) एक साधी गोष्ट करून बघितली. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची आणि मोहरी आठवून मांडायला सांगायची. मास्टर खेळाडूने पंधरा-सोळा मोहरी बरोबर मांडली, नवशिक्याला चारेक जमली. मग तीच मोहरी पटावर कशीही विस्कटून ठेवली आणि पुन्हा दाखवली, तर मास्टर जवळजवळ नवशिक्याच्या पातळीवर आला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती जगावेगळी नव्हती, त्याने हजारो डाव बघितले होते म्हणून त्याला डाव ओळखीचा दिसत होता, आपल्याला कशी माणसांनी भरलेल्या लग्नाच्या हॉलमध्ये लांबून पाठमोरी आत्या ओळखू येते तसं.

तर सासऱ्यांना प्रेमाने सांग की बुद्धिबळाने बुद्धिबळ सुधारतं. गणित सुधारायचं तर गणितच करायला लागतं. आणि मुलाच्या डोक्यावरचं हे एक ओझं आजच्या आज उतरव, कारण दहा वर्षांच्या पोराला असं वाटायला लागलं की आपण डाव हरलो म्हणजे आपली बुद्धीच कमी पडली, तर तो मोहरी फेकणार नाही तर काय करणार? घरात रोज ऐकतोय की हा बुद्धीचा खेळ आहे. मग हरणारा कोण झाला? ते तो मनात पूर्ण करतोच ना.

आणि ह्या खेळात हरण्याला आडोसा नसतो, हे आपल्या मोठ्यांच्या लक्षात येत नाही कारण आपण बहुतेकजण लुडो-सापशिडीवर वाढलो. तिथे हरलो की फासा वाईट. क्रिकेटमध्ये अंपायर असतो, ओली पिच असते, कॅच सोडणारा दुसरा कोणीतरी असतो. कॅरममध्ये पावडर कमी पडली म्हणता येतं. बुद्धिबळात दोघांकडे सोळा-सोळा मोहरी, सगळं डोळ्यांसमोर, लपलेलं काहीच नाही, आणि प्रत्येक चाल तुझ्याच हाताने झालेली. खेळायला म्हणून मोहऱ्याला हात लावला की तेच खेळायचं, मग विचार बदलला म्हणून चालत नाही. हे मोठ्या माणसालासुद्धा झेपत नाही गं. २०२५ च्या जूनमध्ये नॉर्वेत कार्लसन गुकेशकडून हरला तेव्हा त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की मोहरी उडाली, पाच वेळा जगज्जेता झालेला चौतीस वर्षांचा माणूस. मग लगेच सॉरी म्हणाला, जाताना गुकेशच्या पाठीवर थाप मारली. आणि गुकेशला विचारलं तर तो म्हणाला की मीपण आत्तापर्यंत बरीच टेबलं आपटलीयत. हे तुझ्या मुलाला जरूर सांग, आणि व्हिडिओ दाखवलास तर मूठ आपटल्यापाशी थांबवू नकोस, पाठीवरच्या थापेपर्यंत दाखव.

आता ते पान.

तुझा मुलगा काळ्याकडून खेळत होता. त्याच्या सरांनी एक चांगली सवय लावलीये (सर कोण आहेत माहीत नाही पण माणूस मन लावून शिकवणारा दिसतो), दर पाच चालींनंतर घड्याळात उरलेली मिनिटं समासात लिहायची. एका तासाचा डाव. पाचव्या चालीपाशी ५८ लिहिलंय, दहाव्यापाशी ५५, पंधराव्यापाशी ५४. आणि बाराव्या चालीला त्याच्या वजिराने बी-टू ह्या घरातलं प्यादं खाल्लंय. फुकटचं दिसत होतं ते, पण पांढऱ्याने मुद्दाम सोडलं होतं. तेराव्या चालीला पांढऱ्याचा घोडा ए-फोर ह्या घरात आला आणि वजिराला परत जायला घरच उरलं नाही. वजीर गेला, पुढे दहा चालींत मात.

अकरा ते पंधरा, ज्या पाच चालींमध्ये सगळा डाव गेला, त्या पाच चालींना मिळून त्याने एक मिनिट दिलंय! चोपन्न मिनिटं शिल्लक होती. म्हणजे विचार करून चुकला असं झालंच नाही, हात आधी गेला आणि डोकं मागून पोचलं. तो मोहरी फेकतो ना घरी, तेही हेच आहे, हात आधी. खेळाने त्याचा स्वभाव बिघडवलेला नाहीये, जो होता तो कागदावर उमटवून दिला. किती आयांना असं पान बघायला मिळतं? माझ्या मुलीचा उतावळेपणा मला ती नोकरीला लागल्यावर कळला.

अजून एक बघ त्या पानात. तेराव्या चालीनंतर अक्षर बिघडलंय, पेन इतकं दाबलंय की सोळावी चाल फाटल्यासारखी दिसते, पण त्याने लिहिणं सोडलेलं नाही. मात झाली तोपर्यंत एकेक चाल लिहिलीये आणि खाली स्वच्छ अक्षरात १–० लिहून सही केलीये, पांढरा जिंकला म्हणून, समोरच्याची सही पण आहे. मग तोच मुलगा घरी येऊन बरोबरी झाली म्हणाला. कागदाशी खरं बोलला आणि तुझ्याशी खोटं. वाईट वाटून घेऊ नकोस पण विचार कर, कागदाने त्याला काय विचारलं होतं आणि तू काय विचारलंस? माझा अंदाज आहे की दारातच विचारलं असशील, जिंकलास का? सगळेच विचारतात, मीही विचारायचे. ह्या प्रश्नाला खरं उत्तर देऊन त्याच्या पदरात काय पडतं ते आठवून बघ, बाबांचा चेहरा, आजोबांचं "असं कसं झालं", आणि पुढच्या महिन्याच्या फीचा विषय. त्यापेक्षा बरोबरी स्वस्त पडली त्याला.

आजपासून दारात फक्त भूक लागलीये का एवढंच विचार. जेवण झालं, आंघोळ झाली, तासाभराने पट काढ आणि म्हण, मला एकच चाल दाखव जिथे तुला सगळ्यात जास्त विचार करायला लागला. जिंकला की हरला तो विषयच काढायचा नाही, तो आपणहून सांगेल. तुला खेळता येत नाही म्हणतेस ना पत्रात, ते तर फारच चांगलं आहे, कारण मग त्याला तुला समजावून सांगावं लागेल की वजीर तिथे का गेला आणि समोरच्याचा घोडा कुठे उभा होता, आणि सांगता सांगता त्यालाच दिसेल. तू मध्ये फक्त एक प्रश्न विचारायचा, त्या मुलाने ते प्यादं तुला का दिलं असेल रे?

हा प्रश्न मला माझ्या आजोबांनी शिकवला. आम्ही सांगलीचे, आणि आमच्या लहानपणी सांगलीत बुद्धिबळ हे काहीतरी खास हुशार पोरांचं प्रकरण नव्हतं, भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ होतं, तिथे कोणीही जाऊन बसायचं. भाग्यश्री साठे, नंतरच्या काळात स्वाती घाटे, अशा पोरी ह्याच गावात घडल्या. मी त्यांच्या पंक्तीतली अजिबात नाही, जिल्ह्यापलीकडे कधी गेले नाही. पण १९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, त्यावर एवढा गदारोळ झाला की प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे ह्यांना सांगावं लागलं की बायकांना अडवता येणार नाही, तेव्हा आमच्या घरात आजोबांनी पेपर बाजूला ठेवला आणि मला हाक मारली, चल बस, पट मांड. ते मला एकच गोष्ट सारखी म्हणायचे, समोरच्याची चाल झाली की आपली सुचलेली चाल विसर आणि आधी विचार की हा हे का करतोय. आणि हात मांडीखाली ठेवायला लावायचे, अक्षरशः. उत्तर मिळाल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही.

त्याचा मला पटावर जेवढा उपयोग झाला त्याच्यापेक्षा जास्त घरात झाला, आणि तो पण वीस वर्षांनी. मी बँकेत होते, आणि सासूबाई रोज सकाळी विचारायच्या किती वाजता येशील, नक्की किती वाजता, सहा म्हणजे सहाच ना. मला ते हजेरी घेतल्यासारखं वाटायचं आणि मी रोज काहीतरी तोडून बोलायचे. एक दिवस डबा भरता भरता कसं कोण जाणे आजोबांचा प्रश्न आठवला, ही हे का करतेय? त्या दिवशी मुद्दाम पाचला घरी आले आणि बघितलं तर सासूबाई अंधारात बसलेल्या, गॅस पेटवलेला नाही, चहा नाही. मोतीबिंदू वाढला होता आणि संध्याकाळी बर्नरची ज्योत नीट दिसायची नाही, दोनदा पदर पेटता पेटता वाचला होता आणि हे त्यांना कोणाला सांगायचं नव्हतं. सहा वाजता मी आले की चहा मी टाकायचे, म्हणून त्या तास मोजायच्या. पुढच्या महिन्यात ऑपरेशन करून घेतलं. मी जर काही घडले असेन ह्या खेळाने, तर ते तेवढं, की समोरच्याच्या चालीला काहीतरी कारण असतं हे मला मनापासून वाटतं.

पण हे आपोआप होत नाही, म्हणून मी तुला नुसतं चालू ठेव असं म्हणणार नाही. बॉबी फिशर १९७२ मध्ये आइसलँडमधल्या रेकयाविकला जगज्जेता झाला, त्याच्याइतकी समोरच्याची चाल ओळखणारा माणूस विरळा, आणि १९७५ मध्ये आपल्या अटी मान्य झाल्या नाहीत म्हणून खेळायलाच आला नाही, किताब गेला, पुढची सतरा वर्षं स्पर्धेत दिसला नाही, आणि माणसांबद्दल इतकं कडवट बोलत राहिला की वाचवत नाही. पटावर शिकलेलं पटावरच राहू शकतं, एवढ्या मोठ्या खेळाडूचंसुद्धा. ते घरात यायचं तर कोणीतरी डाव संपल्यावर मुलाजवळ बसायला लागतं.

डाव संपल्यानंतरचा तो अर्धा तास, मला वाटतं स्वभाव घडतो तो तिथे. पूर्वी स्पर्धेत डाव संपला की दोघं खेळाडू बाहेर एका कोपऱ्यात पट मांडून बसायचे आणि तोच डाव परत बघायचे, ज्याने आत्ता तुला हरवलं त्यालाच विचारायचं की इथे मी काय करायला हवं होतं. आता मी नातवाला घेऊन जाते तेव्हा बघते, मूल बाहेर आलं की आई-बाबा रिझल्ट विचारतात, चेहरा पाडतात आणि बिस्किटाचा पुडा हातात देऊन पुढच्या राउंडची तयारी करायला बसवतात. तू ते करू नकोस. पुढच्या स्पर्धेला जाशील तेव्हा घडीचा पट पिशवीत ठेव आणि त्या दुसऱ्या मुलाच्या आईला विचार, दहा मिनिटं बसू दे का दोघांना. बहुतेक हो म्हणतील. पहिल्या वेळी तुझा मुलगा मान खाली घालून बसेल, बसू दे. आणि घरी हरल्यावर मोहरी फेकली तर ओरडायचं नाही, पण उचलायचीही नाहीत तू. ती त्याने उचलायची आणि परत पहिल्या जागी मांडायची, मग उठायचं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरला गुकेश जगज्जेता झाला, अठरा वर्षांचा पोर, डोळ्यांतून पाणी वाहतंय, सगळे कॅमेरे त्याच्यावर, आणि तो काय करत होता तर एकेक मोहरं परत त्याच्या घरात ठेवत होता. जिंकल्यावर. तुझ्या मुलाने हरल्यावर ठेवली तर ते त्याहून अवघड आहे आणि जमलं त्या दिवशी त्याला तसं सांग.

मोबाईलचं तू लिहिलं नाहीयेस पण ते पाच चालींना एक मिनिट बघून मला खात्रीच आहे की रात्री पांघरुणात तीन-तीन मिनिटांचे डाव चालतात. ते कमी कर, एकदम बंद नको, घरात युद्ध होईल. तीन मिनिटांच्या डावात हरलं की लगेच दुसरा सुरू करता येतो, हरणं एक बोट फिरवलं की पुसलं जातं, आणि हात फक्त पळायला शिकतो. दिवसाला एकच डाव, तो पण तीस मिनिटांचा, आणि वहीत लिहून. सरांशी पण बोल, त्यांना विचार की क्लासमध्ये हरलेले डाव बघतात का नुसतं नवीन ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, शिकवतात.

आणि हे सगळं करायच्या आधी त्याला एकदा विचार की तुला खेळायचंय का. आजोबा नकोत, बाबा नकोत, दोघंच असताना, भाजी निवडताना वगैरे विचार. नाही म्हणाला तर क्लास बंद, काहीही वाईट होणार नाहीये, चित्रं काढेल, खो-खो खेळेल. पण मला वाटतं हो म्हणेल. ज्याला खेळायचं नसतं तो वजीर गेल्यावर पुढच्या दहा चाली लिहीत बसत नाही.

एक काम दे त्याला माझ्याकडून. सांग की सांगलीच्या एक आजी आहेत, त्यांनी तुझा डाव पटावर मांडून बघितला आणि त्यांना सोळावी चाल वाचताच येत नाहीये, हत्ती आहे का उंट आहे ते कळत नाही, त्यामुळे पुढचं सगळं अडलंय. तेवढी नीट लिहून फोटो पाठव.